तीनशे दहा लिटरचा साक्षीदार

“खून?” गार्गीने विचारलं.

“नाही,” हेमांगी म्हणाली.

“खुनाचा प्रयत्न?”

“नाही.”

“विषबिष?”

“स्वयंपाक मीच करायचे.”

गार्गी सासणेने टॅबवर एक फुली मारली आणि वर टांगलेल्या भोपळ्यांकडे पाहिलं. मिरजेच्या त्या कारखान्यात छतापासून चाळीस भोपळे लोंबत होते आणि प्रत्येकाचा पुढेमागे तानपुरा होणार होता. खाली सतरंजीवर बसून हेमांगी एका तानपुऱ्याची जवारी लावत होती. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा केसाएवढा घासायचा, तारेखाली सुती धागा सरकवायचा आणि सूर फुलेपर्यंत ऐकत राहायचं, असं ते काम. सूर फुलला की कळतंच. नाही फुलला तर दुपार जाते.

गार्गी कोल्हापूरची, वय सत्तावीस. दोन माइक आणि भिंतीला टेकवलेल्या एका गादीच्या जोरावर तिने ‘कडी आतून’ हा पॉडकास्ट काढला होता. आधी त्यात फक्त खून असायचे. दोन वर्षांत खुनांत तोचतोचपणा आला. मग एका बाईचा मेल आला : ‘माझा खून झाला नाही, पण थोडक्यात राहिला. चालेल का?’ चाललं. नुसतं चाललं नाही, धावलं. तेव्हापासून जिवंत बाहेर पडलेल्या बायका येऊन आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगू लागल्या, आणि महाराष्ट्रभर बायका ती भाजी निवडता निवडता ऐकू लागल्या.

“बरं, मग तुमचे मिस्टर करायचे काय नक्की?” गार्गीने विचारलं.

“काही नाही.”

“म्हणजे?”

“तेच. काही करायचा नाही. बोलायचा नाही.”

हेमांगीचा तेव्हाचा नवरा सौमित्र बेडकिहाळे सांगलीत संवादकौशल्याचे क्लास घ्यायचा. बाहेर दिवसाला दोनशे लोकांना नजरेला नजर भिडवून बोलायला शिकवायचा. घरी मात्र कधीतरी, कशावरून तरी, त्याचं बोलणं बंद व्हायचं. कशावरून ते सांगायचा नाही, कारण सांगणं म्हणजे बोलणंच झालं. पाच दिवस, नऊ दिवस, एकदा एकोणीस दिवस. तोंडासमोर बसून जेवायचा, पण ती खोलीत नाहीच अशा चेहऱ्याने. हेमांगी माफी मागत राहायची. एकदा तर तिने एका बैठकीत तेरा गोष्टींची माफी मागितली होती, त्यातली एक लग्नाच्या आधीची होती. मग एखाद्या संध्याकाळी तो “आज भाजी काय?” असं म्हणायचा, जणू मधले दिवस कॅलेंडरवर छापलेच नव्हते.

“चार वर्षं,” हेमांगी म्हणाली. “माझ्या भावाला सांगितलं तर तो म्हणाला, मारलं तर नाही ना? मग शांतच आहे की माणूस.”

कोपऱ्यात भोपळा तासत बसलेले कासिमचाचा मान वर न करता म्हणाले, “तुझ्या भावाला बोलव एकदा हितं. एक महिना आम्ही कोणी बोलत नाही त्याच्याशी. बघू की किती शांत वाटतंय ते.”

हेमांगी हसली. तीन वर्षांपूर्वी ती या कारखान्यात हिशेब टायपायला म्हणून आली, आणि एका आठवड्यात चाचांच्या लक्षात आलं की हिच्या कानाला केसाएवढा फरक कळतो. हिशेब मागे पडले. आता तिच्या हातची जवारी मागायला पुण्याहून लोक यायचे. तिचं बरं चाललं होतं. गोष्ट सांगायची तिला खाज नव्हती. पण पंधरा दिवसांपूर्वी फोनवर एक संदेश आला होता, आणि त्यामुळे सगळं मागे लागलं.

*

त्या संदेशाआधी फ्रिजबद्दल सांगायला हवं.

नव्या फ्रिजांच्या कॉम्प्रेसरला एक कंपनमापक चिकटवलेला असतो, शर्टाच्या बटणाएवढा. यंत्र थरथरायला लागलं की ते बिघडण्याआधी कंपनीला कळावं, एवढाच त्याचा हेतू. ही सगळी थरथर दहा वर्षं, वॉरंटी संपेपर्यंत, कंपनीकडे साठून राहते. आता माणूस बोलतो तेव्हा हवा हलते, हवेने फ्रिजचा पत्रा हलतो. अगदी नगण्य, धुळीच्या कणाच्याही शंभराव्या हिश्शाएवढा. पण बटणाला तेही कळतं. पाच-सहा वर्षांपूर्वी काही संशोधकांनी त्या थरथरीतून कॉम्प्रेसरची घरघर वजा केली, आणि खाली जे उरलं ते लोकांचं स्वयंपाकघरातलं बोलणं होतं.

देशभर हाहाकार उडाला. मग कायदा आला. शब्द कोणी ऐकायचे नाहीत, असं ठरलं. फक्त आरडाओरडा किती, आदळआपट किती आणि रडणं किती, एवढं यंत्राने मोजायचं आणि घराला श्रेणी द्यायची. ज्याच्या नावावर फ्रिजचं बिल, त्याला आपल्या घराची कच्ची थरथर मागता येईल, तीही शब्द पुसून. कोर्टांना हे सोयीचं झालं. पॉडकास्टवाल्यांना तर फारच, कारण एका बाईने खोटी गोष्ट सांगून बरीच लोकप्रियता मिळवल्यापासून पडताळणीच्या शिक्क्याशिवाय भाग चढवायला बंदी होती.

आणि वधूवर सूचक मंडळांना काय, नवं काही मिळालं की ते पत्रिकेशेजारी ठेवायचंच असतं. दुसरेपणाचं लग्न असेल तर आता पहिल्या संसाराचा ‘गृहध्वनी दाखला’ मागायची रीत पडली. मुलगा निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट, फ्रिज बी-प्लस.

सौमित्रचा फ्रिज ए-प्लस होता. शेऱ्यात लिहिलं होतं : ‘अतिशांत घर.’ चार वर्षांत एकही आरोळी नाही, एक भांडं आपटलेलं नाही. रडणं शून्य, कारण हेमांगी बाथरूममध्ये रडायची आणि बाथरूममध्ये फ्रिज नव्हता.

पंधरा दिवसांपूर्वी मंडळाकडून तिला आलेला संदेश असा होता : ‘आपले माजी पती श्री. सौमित्र यांचा विवाह डॉ. अनुजा मगदूम, जयसिंगपूर, यांच्याशी योजिला आहे. हरकत असल्यास पुराव्यासह नोंदवावी.’ सोबत फॉर्म होता. हरकतीचं कारण निवडा : मारहाण, मद्यपान, जुगार, इतर. ‘इतर’ निवडलं की फॉर्म पुन्हा पहिल्या पानावर जात होता.

डॉ. अनुजाचा नंबर शोधून फोन करता आला असता. पण माजी बायकोच्या फोनला जळफळाट म्हणतात, हे हेमांगीला ठाऊक होतं. लग्नाला महिना होता. तिच्याकडे कथा होती, पण त्यात गुन्हा नव्हता. आणि त्या मुलीला जर कोणी वेळेवर सांगायला हवं होतं, तर ते सांगू शकणारी जगात एकच बाई होती.

*

चार दिवसांनी गार्गी पडताळणीचा निकाल घेऊन आली. तिचं तोंड पाहूनच कळलं.

“गुन्हा आढळला नाही,” तिने वाचलं. “उलट त्यांनी लिहिलंय की हे घर आदर्श म्हणून प्रशिक्षणात दाखवायची परवानगी द्याल का?”

“दे की,” हेमांगी म्हणाली. “फ्रेम करून लावा म्हणावं.”

“ताई, मला तुमचं सगळं पटतं हो. पण शिक्का नाही तर भाग चढत नाही. मी कितीही आपटले तरी.”

“आपटलीस तर तुझा दर्जा खाली येईल,” चाचा म्हणाले.

गार्गीला हसू आलं नाही. “गंमत कळतेय का तुम्हाला? हे यंत्र जागा वाचवायला फक्त थरथर साठवतं. कोणी बोललंच नाही तर घरघरीशिवाय काहीच साठत नाही. म्हणजे ते जे करायचे ना, तेच नेमकं त्यात नाहीये. नसण्याचा पुरावा कुठून आणायचा?”

हेमांगीने कानस खाली ठेवली. “बिल माझ्या नावावर आहे. मामाने लग्नात दिलेला, तीनशे दहा लिटरचा फ्रिज. कच्ची थरथर मिळेल ना मला?”

“मिळेल. पण त्यातले शब्द पुसलेले असतात. नुसती घरघर उरते.”

“मागव.”

“घरघर ऐकून काय करणार तुम्ही?”

हेमांगीने समोरच्या तानपुऱ्याकडे बोट दाखवलं. “तेच करते मी दिवसभर.”

घरघर आली. चार वर्षांची होती, म्हणून गार्गीने ती दाबून चाळीस मिनिटांची केली, सूर तोच ठेवून. कारखान्यातल्या स्पीकरवर लावली. तिघं बसून फ्रिज ऐकू लागली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ओळखीच्या गायकांनी दारातून डोकावून कुठला राग म्हणून विचारलं, आणि चाचांनी गंभीरपणे “गोदरेज नाही, दुसऱ्या घराण्याचा आहे,” असं उत्तर दिलं.

सहाव्या मिनिटाला हेमांगी ताठ बसली.

“उतरला.”

“काय उतरलं?”

“सूर. काळी दोनमध्ये होता, पांढरी एकला आला. चाचा?”

“होय की,” चाचा म्हणाले. “चांगलाच उतरला.”

जरा वेळाने सूर परत चढला. मग पुन्हा उतरला. हेमांगी खडूने फरशीवर रेघा मारत गेली. चाळीस मिनिटांत एकतीस रेघा झाल्या. गार्गीने तारखा लावल्या. हेमांगीने त्यांतल्या एका तारखेवर बोट ठेवलं. “ही माझ्या आईच्या वर्षश्राद्धाची. तेव्हा नऊ दिवस बोलला नव्हता.” मग दुसऱ्या तारखेवर. “आणि हे एकोणीस दिवस.”

गार्गीने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडचा माणूस उत्साही निघाला, त्याला बहुतेक इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता.

“मॅडम, तो सुट्टी मोड,” तो म्हणाला. “अठ्ठेचाळीस तास स्वयंपाकघरात माणसाचा आवाज आला नाही की फ्रिज समजतो, मंडळी गावाला गेली. मग तो वीज वाचवायला कॉम्प्रेसर हळू चालवतो. आत बारा डिग्री.”

“आणि दार उघडलं तर?”

“दाराचं धरत नाही मॅडम. घर बंद असलं की शेजारी येऊन दही-बिही नेतात, तो अनुभव आहे आम्हाला. टीव्हीचा आवाज पण धरत नाही. फक्त समोरासमोरचं बोलणं.”

“पण दार किती वेळा उघडलं, ते कळतं?”

“कळतं की. सांगा तारीख.” कळफलकाचा आवाज आला. “एकोणीस दिवसांत दोनशे सत्तर वेळा. अरे बापरे. शेजारी बरेच दही खातात यांचे.”

फोन बंद झाला. मग गार्गी हळूच म्हणाली, “दोन माणसं घरात होती. रोज दार उघडत होती. आणि फ्रिजला वाटलं, घरात कोणीच नाही.”

हेमांगी मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकली होती. “बारा डिग्री,” ती म्हणाली. “बारा डिग्रीला दूध नासतं.”

“हो, मग?”

“त्या दिवसांत दूध नासायचं. नेहमी. तो उठायचा, पातेलं माझ्यासमोर आणून ठेवायचा आणि निघून जायचा. न बोलता. मी तीन-तीन वेळा तापवायचे, चिनी मातीच्या भांड्यात ठेवून पाहिलं, गवळी बदलला. तरी नासायचं. मला वाटायचं, साधं दूध सांभाळता येत नाही मला, तर हा माणूस माझ्याशी काय म्हणून बोलेल?” तिने हातातला खडू खाली ठेवला. “गवळ्याला किती बोलले होते मी.”

मग तिच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, आणि ती सांगायला तिला वेळ लागला. “म्हणजे स्वयंपाकघरात मीसुद्धा बोलत नव्हते. माफी मागायचे ती बाहेरच्या खोलीत. स्वयंपाक करताना गुणगुणायची सवय होती मला. फ्रिजने माझाही आवाज ऐकला नाही.”

चाचांनी उठून तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. “आता इथं दिवसभर डोकं खातीस ते?” ते म्हणाले. “भरून काढतीस व्हय मागचं?”

आणि हेमांगी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसली. हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसली. नासलेल्या दुधाचं चार वर्षांचं ओझं उतरवून ठेवल्यावर खांदे कसे हलके होतात, हे कोणत्याही मापकाने मोजलं नाही.

*

शिक्का मिळाला. कंपनीचे कागद, दाराचे आकडे, एकतीस रेघा. पडताळणीवाल्यांनी प्रशिक्षणातलं आदर्श घर गुपचूप काढून टाकलं.

भागाच्या सुरुवातीला ‘कडी आतून’मध्ये नेहमी अंगावर काटा आणणारं संगीत असे. हेमांगीने त्याला नकार दिला. त्याऐवजी त्यांनी फ्रिजची घरघर लावली, आणि ती जिथे उतरते तिथे हेमांगी म्हणाली, “इथून पुढचे नऊ दिवस आम्ही दोघं घरी होतो.” नाव कोणाचंच घेतलं नाही. फक्त संवादकौशल्याचे क्लास सांगितले. सांगलीत असे क्लास घेणारे, घटस्फोटित आणि ए-प्लस पुरुष किती असणार?

पुढच्या आठवड्यात जे झालं ते गार्गीलाही झेपलं नाही. सर्व्हिस सेंटरांचे फोन बंद पडले. ‘आमचाही फ्रिज सुट्टीवर जातो’ असे नऊ हजार संदेश आले. त्यांत नासलेल्या दुधाचे होते, लिबलिबीत झालेल्या कोथिंबिरीचे होते, आणि एक मुंबईच्या आजोबांचा होता, ज्यांच्याशी त्यांचा मुलगा बोलत नव्हता. बायका एकमेकींना उत्तरं देऊ लागल्या. गवळ्यांच्या संघटनेने समाधान व्यक्त केलं. कंपनीने सुट्टी मोड रद्द केला, पण मंडळांनी लगेच दाखल्यात ‘संवाद’ नावाचा नवा रकाना वाढवला, आणि विट्यातल्या एका गृहस्थांनी दर्जा सुधारण्यासाठी रोज सकाळी फ्रिजसमोर उभं राहून अग्रलेख वाचायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नीने कळवलं की हे त्यांचं एकोणीस वर्षांतलं सर्वात लांब बोलणं आहे, आणि ती ते चहा घेत ऐकते.

सौमित्रने यावर एक शब्दही काढला नाही. याचं कोणालाच नवल वाटलं नाही.

पण अनुजाकडूनही काही आलं नव्हतं. हेमांगी रोज फोन पाहायची आणि मग स्वतःला सांगायची, ऐकलं असेल, पटलं नसेल. लग्नाला नऊ दिवस उरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यासमोर एक स्कूटर थांबली. गमबूट घातलेली, तिशीतली एक बाई आत आली. अंगाला गोठ्याचा वास होता.

“मी अनुजा मगदूम,” ती म्हणाली. “लाळ्याखुरकूतच्या लसीकरणावरून थेट आलेय. बूट बाहेर काढू का?”

“काढा,” चाचा म्हणाले. “आमच्या तानपुऱ्यांना गोठ्याची सवय नाही.”

अनुजा बसली. तिने भाग ऐकला होता, तीनदा. “मला वाटलं, एका बाजूचं ऐकून कसं ठरवायचं? मी जनावरांची डॉक्टर आहे ताई. माझे सगळे पेशंट गप्प असतात, गप्प असणाऱ्यावर मी संशय घेत नाही. पण गाय गप्प असली तर तिला खरोखर काहीतरी झालेलं असतं.”

“आणि?”

“मी त्यांना म्हटलं, लग्नानंतर चौथ्या दिवशी मला कामावर जावं लागेल, लसीकरण आहे. एवढंच. तेव्हापासून ना फोन, ना मेसेज. मी यादी केली, काय काय चुकलं असेल त्याची. सात गोष्टी निघाल्या.”

“पहिल्याच वेळी सात?” हेमांगी म्हणाली. “हुशार आहात. मी तीनपासून सुरुवात केली होती.”

अनुजाला हसू फुटलं.

“आज कितवा दिवस?” हेमांगीने विचारलं.

“पाचवा.”

“मग आज फोन येईल. काही झालंच नाही असं बोलेल. आणि तुम्हाला इतकं बरं वाटेल, इतकं बरं वाटेल की तुम्ही लसीकरण दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकाल. मी संगीताची शिकवणी अशीच सोडली.”

फोन साडेचारला आला. अनुजाने तो शेजारच्या तानपुऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला होता. तो थरथरू लागला तसा भोपळा घुमला, आणि वरच्या तारा आपोआप झंकारल्या. स्क्रीनवर सौमित्रचं नाव होतं. तिघंही त्याकडे पाहत राहिली.

“उचल नाहीतर काढ पोरी,” चाचा म्हणाले. “घासायचं काम खोळंबतंय.”

अनुजाचा हात फोनकडे गेला. तो उचलावा असं तिला वाटत होतं, ते तिच्या बोटांत दिसत होतं. पाच दिवस तिने याच फोनची वाट पाहिली होती. हेमांगीने कानस उचलली. सांगायचं ते सांगून झालं होतं.

अनुजाने फोन हातात घेतला, लाल बटण दाबलं आणि वडिलांचा नंबर लावला.

“बाबा, मी अनू. स्पीकरवर आहात.”

“मग मोठ्याने बोलू का?”

“नको. बाबा, मला हे लग्न करायचं नाही.”

“अगं, काय झालं? काही बोलले का ते?”

“नाही. पाच दिवस काहीच बोलले नाहीत.”

आणि अनुजाने सगळं सांगितलं. कारखान्यातून, अनोळखी माणसांसमोर, न थांबता. लसीकरण, सात चुकांची यादी, भाग, एकतीस रेघा. सांगून झालं तेव्हा तिला धाप लागली होती.

“थांब जरा,” बाबा म्हणाले. “मला विचार करू दे. फोन ठेवू नकोस.”

पलीकडे शांतता झाली. हेमांगीने नकळत आकडे मोजायला घेतले, जुनी सवय. अनुजा ओठ चावत होती. बाबांच्या मागे कुठेतरी पंखा फिरत होता, कोणीतरी त्यांना चहा हवा का विचारत होतं आणि ते “हळू, मी विचार करतोय,” म्हणाले. हेमांगी अठरापर्यंत पोचली.

“केला,” बाबा म्हणाले.

“काय?”

“विचार. नकोच करूया. तू घरी ये, जेवायला थांबतो.”

अनुजाने डोळे मिटून मान हलवली, जणू बाबांना ती दिसणार होती.

“आचाऱ्याला मी कळवतो,” बाबा म्हणाले. “पाहुण्यांनाही मीच. मांडववाल्याला मात्र तू सांग बाई.”

“का?”

“तो फार बोलतो गं.”